साठ गुण, चार पास

१४ एप्रिल २०१६. आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. आपल्याकडे सकाळी आठ वाजता दूरचित्रवाणीवर जो बास्केटबॉलचा सामना सुरू झाला, तो लॉस एंजेलिसमध्ये १३ तारखेच्या संध्याकाळी खेळला जात होता : लेकर्स विरुद्ध यूटा जॅझ. गुणतक्त्याच्या दृष्टीने लेकर्सना या सामन्याचा काडीचाही उपयोग नव्हता. हंगामातले ८१ सामने झाले होते आणि त्यांतले ६५ ते हरले होते. तरीही जग पाहत होते, कारण कोबी ब्रायंटचा तो शेवटचा सामना होता. वीस वर्षे एकाच संघात, पाच विजेतेपदे, वय ३७. त्या रात्री त्याने चेंडू ५० वेळा बास्केटच्या दिशेने फेकला, २२ वेळा तो आत गेला आणि त्याच्या नावावर ६० गुण लागले. लेकर्स १०१-९६ असे जिंकले. नंतर ध्वनिक्षेपक हाती घेऊन तो हसत म्हणाला, की गंमत अशी आहे : वीस वर्षे सगळे मला पास दे म्हणून ओरडत होते आणि आज शेवटच्या रात्री सगळे म्हणत होते, पास देऊ नकोस.

मी त्या सकाळी रडले. हे आधीच सांगून टाकते. पुढचे लेखन कोरड्या डोळ्यांनी केले आहे असा आरोप नको. कॉलेजात असताना मी पॉइंट गार्ड म्हणून खेळत असे. म्हणजे स्वतः गुण करण्यापेक्षा चेंडू योग्य हाती पोचवणे हे माझे काम. त्यामुळे सामना संपल्यावर मी सवयीने दुसरा रकाना पाहिला. ज्या पासवरून सहकारी लगेच गुण करतो त्याची नोंद या खेळात वेगळी ठेवतात. ब्रायंटच्या नावापुढे त्या रकान्यात चार हा आकडा होता. साठ गुण, चार पास. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन आकड्यांमधले अंतर हा आहे.

मावळतीला आलेला महान खेळाडू संघाच्या भविष्याला तारतो की मारतो, हा प्रश्न अमेरिकी क्रीडासमीक्षेत वर्षानुवर्षे चघळला जातो आणि ब्रायंटची अखेरची तीन वर्षे हे त्याचे ठरलेले उदाहरण असते. माझे म्हणणे असे, की ब्रायंटच्या त्या वर्षांनी लेकर्सचे नुकसान केले. मात्र त्याचे टीकाकार सांगतात त्या कारणाने नव्हे. आणि त्याचे भक्त जो बचाव मांडतात तो तर्काला धरून असला तरी मुद्द्याला सोडून आहे. दोन्ही पक्ष हिशेब पैशांचा आणि पराभवांचा मांडतात. मांडायला हवा तो चेंडूचा.

आधी टीकाकारांचा युक्तिवाद घेऊ. १२ एप्रिल २०१३ रोजी गोल्डन स्टेटविरुद्ध खेळताना ब्रायंटच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. तशा अवस्थेत दोन फ्री थ्रो टाकून तो चालत बाहेर गेला आणि त्याच्या दंतकथेत आणखी एका प्रकरणाची भर पडली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, तो अजून मैदानात परतलेलाही नसताना, संघाने त्याच्याशी आणखी दोन वर्षांचा करार केला : ४ कोटी ८५ लाख डॉलर. आता, या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा असते. काही अपवाद सोडता तिच्या पलीकडे जाऊन नवे खेळाडू आणता येत नाहीत. २०१४-१५ साली ही मर्यादा ६ कोटी ३० लाखांच्या आसपास होती आणि एकट्या ब्रायंटचे वेतन २ कोटी ३५ लाख होते; पुढच्या वर्षी ७ कोटींपैकी अडीच कोटी. म्हणजे घराच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग आजोबांच्या खोलीवर खर्च होत होता. नातवंडांसाठी काय उरणार, असा हा सवाल.

सवाल रास्त वाटतो. पण उत्तर २०१६ च्या उन्हाळ्यानेच देऊन टाकले. ब्रायंट निवृत्त झाला, खोली रिकामी झाली, पैसा मोकळा झाला. लेकर्सनी त्याचे काय केले? तिमोफे मोझगोव्हला चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख आणि लुओल डेंगला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख. दोघेही उतरणीला लागलेले. हे करार इतके जड झाले, की मोझगोव्हचे ओझे उतरवण्यासाठी पुढच्याच वर्षी संघाने डिअँजेलो रसेल हा आपला होतकरू खेळाडू त्याच्यासोबत ब्रुकलिनला देऊन टाकला. तात्पर्य, ज्यांना भविष्य घडवता येत नाही त्यांच्या हाती जागा रिकामी करून दिली म्हणून भविष्य घडत नाही. म्हाताऱ्याने अडवलेल्या जागेची तक्रार करणाऱ्यांनी रिकाम्या जागेचे काय केले, हे आधी विचारावे.

भक्तांचा बचाव याहून चतुर आहे. ते म्हणतात, ब्रायंटमुळे संघ हरला असेल, तर हरणे हीच त्याची देणगी. या लीगमध्ये जो संघ जितका वाईट खेळतो तितकी त्याला नव्या हंगामाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, वरचा क्रम मिळण्याची शक्यता अधिक. लेकर्सनी २०१२ साली स्टीव्ह नॅशला आणताना आपला एक भावी निवडहक्क देऊ केला होता. २०१६ पर्यंत तो फिरत फिरत फिलाडेल्फियाच्या हाती गेला होता. त्या वर्षी पहिल्या तिनांत क्रम आला तरच हक्क लेकर्सकडे राहणार होता. संघ ६५ सामने हरला, दुसरा क्रम मिळाला आणि ब्रँडन इन्ग्रम आला. २०१७ साली पुन्हा दुसरा क्रम, लॉन्झो बॉल. २०१९ साली या दोघांना जॉश हार्टसह न्यू ऑर्लिन्सला देऊन लेकर्सनी अँथनी डेव्हिसला आणले आणि २०२० साली विजेतेपद पटकावले. त्याच वर्षी २६ जानेवारीला ब्रायंट, त्याची मुलगी जियाना आणि अन्य सात जण हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले होते. तेव्हा त्या विजेतेपदाला एक करुण झालर आपोआप लागली आणि या युक्तिवादाला विरोध करणे जवळजवळ अशिष्टपणाचे ठरले.

तो अशिष्टपणा मी पत्करते. एक तर हे विजेतेपद नवोदितांनी मिळवलेले नाही; नवोदित विकून मिळवलेले आहे. दुसरे म्हणजे ब्रायंटच्या अखेरच्या हंगामात त्याच्याबरोबर जे तरुण खेळत होते त्यांचे पुढे काय झाले ते पाहावे. रसेल २०१९ साली ब्रुकलिनकडून ऑल-स्टार झाला. ज्युलियस रँडल २०२१ साली न्यूयॉर्क निक्सकडून ऑल-स्टार झाला आणि सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा किताबही त्याला त्याच हंगामात मिळाला. जॉर्डन क्लार्कसन त्याच हंगामात उत्तम राखीव खेळाडू ठरला, आणि तोही कोणाकडून खेळताना? यूटा जॅझकडून. तिघेही फुलले, तिघेही दुसऱ्याच्या अंगणात. याला एकटा ब्रायंट कारणीभूत आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणसे वयानेही सुधारतात, आणि व्यवस्थापनाच्या चुकांचा पाढा वर वाचलाच आहे. पण ज्या घरात ही रोपे लावली होती त्या घरात त्यांना ऊन मिळत होते का, एवढे तर विचारता येईल.

ते मिळत नव्हते. २०१५-१६ च्या हंगामात ब्रायंट सामन्यागणिक सरासरी सुमारे १७ वेळा चेंडू फेकत होता आणि त्यांतले ३५.८ टक्के आत जात होते. लीगची सरासरी तेव्हा ४५ टक्क्यांच्या आसपास होती, आणि ब्रायंटच्या स्वतःच्या वीस वर्षांतला हा नीचांक होता. २९ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याने निवृत्तीची घोषणा केली आणि मग गावोगावी निरोपाचे सोहळे सुरू झाले. डिसेंबरात प्रशिक्षक बायरन स्कॉट यांनी सुरुवातीच्या पाच जणांतून दोन खेळाडू काढून राखीव बाकावर बसवले. ते दोघे होते १९ वर्षांचा रसेल आणि २१ वर्षांचा रँडल. संघ हरतच होता, हरण्यावाचून गमावण्यासारखे काही नव्हते, चुका करायला याहून स्वस्त हंगाम तरुणांना मिळणार नव्हता. तोच हंगाम निरोप समारंभावर खर्ची पडला. खेळात शिकणे म्हणजे चेंडू हातात असताना चुकणे. रसेल-रँडलना त्या वर्षी चुकण्यासाठी ऐन वेळी चेंडूच कमी मिळाला. पास दिल्यानंतर तो परत येणार नाही हे ठाऊक असलेला खेळाडू हळूहळू जागच्या जागी उभा राहू लागतो. मी अशा संघात खेळले आहे. तीन महिन्यांत तुमचे पाय धावणे विसरतात, आणि मग लोक म्हणतात, ही मुले धावत नाहीत, म्हणून तर म्हाताऱ्याला सगळे करावे लागते.

मी ज्याला नुकसान म्हणते ते हे आहे. ते वेतनाच्या हिशेबात दिसत नाही आणि ड्राफ्टच्या क्रमाने भरूनही निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग काय, चाळिशीकडे झुकलेल्या खेळाडूंना घरी बसवावे? अजिबात नाही. दोष वयाचा नाही, याचे सर्वांत सज्जड उदाहरण लेकर्सचेच आहे. २०२० सालच्या त्या विजेतेपदात अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला लेब्रॉन जेम्स तेव्हा ३५ वर्षांचा होता. त्या हंगामात सबंध लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुणांचे पास कोणी दिले? जेम्सनेच, सामन्यागणिक दहाहून अधिक. आणि या रकान्यात अव्वल येण्याची त्याच्या कारकिर्दीतली ती पहिलीच वेळ होती. म्हणजे आयुष्यभर गुणांचे डोंगर रचलेला माणूस पस्तिशीत पहिल्यांदा देण्यात पहिला आला. तोच संघ, तोच पोशाख, तशीच मावळती; निकाल उलटा. फरक चेंडूच्या वाटपाचा.

दुसरे उदाहरण सॅन अँटोनियोचे. डेव्हिड रॉबिन्सन हा तिथला राजा. १९९५ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९९७ साली टिम डंकन आला, आणि बत्तिशीतल्या रॉबिन्सनने हळूहळू मध्यवर्ती जागा त्याला करून दिली. १९९९ साली संघाने पहिले विजेतेपद मिळवले ते या जोडीच्या बळावर. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू डंकन होता. १५ जून २००३ रोजी रॉबिन्सन शेवटचा सामना खेळला. वय ३७, म्हणजे ब्रायंटचे होते तितकेच. त्याचे गुण १३. पण बास्केटवरून परतलेला चेंडू त्याने १७ वेळा झेलला. डंकनने त्या दिवशी २१ गुण केले, २० वेळा चेंडू झेलला, १० वेळा सहकाऱ्यांना गुणांचे पास दिले. संघ विजेता झाला. पुढे अकरा वर्षांनी, २०१४ साली, ३८ वर्षांचा डंकन विजेत्या संघात होता आणि अंतिम मालिकेचा मानकरी होता २२ वर्षांचा कवाय लेनर्ड. देण्याची ही रीत तिथे उतरत्या पिढीने चढत्या पिढीला शिकवली. तिने शाश्वत भविष्याची हमी दिली असे नव्हे. लेनर्ड २०१८ साली सॅन अँटोनियो सोडून गेलाच. पण डंकनच्या १९ वर्षांत एकदाही तो संघ हंगामोत्तर फेरीला मुकला नाही. लेकर्स २०१४ ते २०१९ अशी सलग सहा वर्षे मुकले.

रॉबिन्सनच्या त्या तेरा गुणांविषयी आपल्यापैकी कोणी लिहिले आहे? ब्रायंटच्या साठ गुणांविषयी मात्र खेळावर ललित लिहिणारी आपली मंडळी भरभरून लिहितात. ढासळलेले राज्य, थकलेला सम्राट, अखेरची झुंज : शोकांतिकेचा पाचवा अंक जणू आयता हाती आला आहे. त्यातून ब्रायंटने निवृत्तीची घोषणा केली ती चक्क कवितेतून, आणि त्या कवितेवरच्या लघुचित्रपटाला २०१८ साली ऑस्करही मिळाले. साहित्याच्या माणसाला याहून काय हवे? पण याच जागी आपला, साहित्य शिकवणाऱ्यांचा, दोष सुरू होतो. शोकांतिका शिकवता शिकवता आपल्याला नायकापलीकडचा रंगमंच दिसेनासा झाला आहे. त्या रात्री मैदानावर त्याच्याबरोबर आणखी चार जण होते. ते पार्श्वभूमी नव्हते, ते संघ होते. ज्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये हा एकपात्री प्रयोग चालला होता, त्याच रात्री ओकलंडमध्ये गोल्डन स्टेटने हंगामातला ७३ वा सामना जिंकून लीगचा विक्रम मोडला. भविष्य तिकडे होते, आणि बहुतेकांचे डोळे इकडे होते. माझेही.

मला वाटते, मराठी मनात याचे एक जास्तीचे कारण आहे. देऊन टाकणाऱ्या म्हाताऱ्याचे काय होते याचे आपले चित्र ‘नटसम्राट’ने पक्के करून ठेवले आहे. अप्पा बेलवलकरांनी सगळे मुलांना वाटून टाकले आणि ते रस्त्यावर आले. १९७० पासून हे नाटक आपल्याला रडवत आले आहे, आणि त्यातून आपण न कळत एक व्यवहारी धडाही काढला आहे : शेवटपर्यंत हातचे सोडू नये. म्हणून पन्नास वेळा चेंडू फेकणारा ब्रायंट आपल्याला अप्पांचा सूड घेणारा वाटतो. पण शिरवाडकरांचे अप्पा घर देतात, पैसा देतात. भूमिका ते कोणाला देत नाहीत, शेवटच्या श्वासापर्यंत नाही. रॉबिन्सनने नेमके उलट केले. मैदान सोडले नाही, मान सोडला नाही, दिली ती फक्त मध्यवर्ती भूमिका. आणि तो रस्त्यावर आला नाही. विजेतेपदाच्या चषकासह घरी गेला.

प्रेक्षकाचा हक्क म्हणून काही आहे की नाही, असा प्रश्न माझ्या एका सहकारी मित्राने विचारला. वीस वर्षे ज्यांनी तिकिटे काढली त्यांना एक रात्र मिळू नये? मिळावी. एका रात्रीला माझा आक्षेप नाही, तीन वर्षांना आहे. २०१३ च्या त्या करारापासून लेकर्सनी आपल्या प्रेक्षकांना स्मरणरंजन विकले आणि त्याला निष्ठा असे नाव दिले. संघाला काही घडवता येत नसले, की म्हातारा नायक फार सोयीचा असतो : जिंकलात तर त्याची पुण्याई, हरलात तर त्याचा निरोप. प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. या अर्थाने ब्रायंट वापरलाही गेला. पण वापर होऊ देणे ही सुद्धा एक कृती आहे, आणि इतक्या बुद्धिमान खेळाडूला तिची जाणीव नव्हती असे म्हणणे हा त्याचाच अपमान.

हे सगळे मला इतके का लागते, ते सांगायला हवे. मी ज्या विभागात नोकरीला लागले तिथे एक ज्येष्ठ सर होते. विद्वान, वक्ते, विद्यार्थ्यांचे दैवत. एम.ए.ची समीक्षेची अभ्यासपत्रिका त्यांनी निवृत्तीपर्यंत एकट्याने शिकवली. आम्ही तरुण मंडळी मागच्या बाकावर बसून त्यांची व्याख्याने ऐकत असू आणि धन्य होत असू. त्यांचे शेवटचे व्याख्यान मी अजून विसरलेले नाही. दारापर्यंत मुले उभी होती. पुढच्या जूनमध्ये ती पत्रिका माझ्याकडे आली, आणि मला कळले की सहा वर्षे ऐकूनही मला ती शिकवता येत नाही. त्या वर्षीच्या मुलांनी माझ्या शिकण्याची किंमत मोजली. सरांचा गौरवग्रंथ निघाला. त्या वर्गाविषयी कोणी काही लिहिले नाही.

आता ती पत्रिका माझी आहे. विभागातल्या पूर्णवेळ जागा भरल्या गेलेल्या नाहीत. माझ्याबरोबर काम करणारी तरुण मुलगी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये ती असेल की नाही हेही ठाऊक नाही. तेव्हा तरुणांची वाट फक्त ज्येष्ठ अडवतात असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. वाट अडवणारे बरेच वर बसलेले असतात, लेकर्समध्येही होते. पण माझ्या हाती जो चेंडू आहे त्याचे काय करायचे हे त्यांच्यावर ढकलता येत नाही. या सत्रात निम्मी पत्रिका मी तिला दिली. दोन विद्यार्थी तक्रार घेऊन आले, की बाई, तुम्हीच शिकवा ना. खरे सांगायचे तर फार बरे वाटले. ब्रायंटला त्या रात्री वीस हजारांच्या आसपास माणसे हेच सांगत होती.

आणि तरीही त्या सामन्याची शेवटची काही सेकंदे मी पुन्हा पाहिली आहेत. साठ गुण झालेले आहेत, सामना हातात आहे. ब्रायंटकडे चेंडू येतो आणि तो मैदानाच्या या टोकाकडून पलीकडे एकटा धावत सुटलेल्या जॉर्डन क्लार्कसनला लांबलचक पास देतो. क्लार्कसन उडी घेऊन चेंडू आत घालतो. १०१-९६. वीस वर्षांच्या कारकिर्दीतली ब्रायंटची ती अखेरची नोंद, त्या चार पासांपैकी शेवटचा. क्लार्कसन धावत होता, आणि चेंडू बरोबर त्याच्या हातात पडला. तो पास ब्रायंटला दिसत होता. पहिल्यापासून दिसत असणार.